उसातला बिबट्या आणि शाळेमागची झाडं

'जंगलतोडीचे परिणाम' एवढं फळ्यावर लिहून झालं होतं. माती वाहून जाते, विहिरी आटतात, जनावरांना थारा राहत नाही, असं मी चौथीच्या पोरांना सांगत होते. तेवढ्यात मुख्याध्यापक सर वर्गात आले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं. आमच्या शाळेत दिवसा दार कधी लागत नाही.

सर जवळ येऊन हळू बोलले, "मॅडम, वरच्या वस्तीवर वासरू मारलंय. बिबट्या आहे म्हणतात. पोरांना बाहेर सोडू नका. लघवीलासुद्धा एकटं नको."

मी वाशी तालुक्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. कळंबहून स्कुटीवर ये-जा करते. चौथीपर्यंतचे वर्ग, शिक्षक आम्ही दोघंच. शाळेच्या मागं लिंब, करंज आणि सुबाभळीची दाट झाडी आहे. आधीच्या एका गुरुजींनी लावलेली. झाडीखाली घाणेरीची झुडपं माजलेली. झाडीच्या पलीकडं ऊस. उसातून गाडीवाट जाते, ती वरच्या वस्तीवर. त्याच्या पुढं डोंगर. मी नव्यानं आले तेव्हा त्या डोंगरावर थोडी झाडं होती. आता नुसता मुरूम दिसतो.

दार लागल्यावर पोरांना सगळं कळलंच. चौथीतली समृद्धी वस्तीवरून यायची. वासरू तिच्या चुलत्यांचं होतं. ती म्हणाली, "मॅडम, डोंगरावरची झाडं तोडली म्हणून आला ना त्यो?"

"तसंही असेल," मी म्हणाले. माझं लक्ष खिडकीकडं होतं. खिडकीतून ती झाडीच दिसायची.

दुपारी सरपंच आले. सोबत चार-पाच पालक. ऑफिसात बसायला जागा नव्हती, सगळे उभ्यानंच बोलले.

"सर, उद्या सकाळी जेसीबी लावतो. मागची समदी झाडी सपाट करून टाकू. लपायला जागाच ठिवायची न्हाय."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. मुलींचं स्वच्छतागृह झाडीला लागून आहे. दुपारी दोन मुलींना घेऊन मी तिथं गेले होते. त्या बाहेर येईपर्यंत मी झाडीवरची नजर हलवली नव्हती. पण तासाभरापूर्वी फळ्यावर काय लिहिलं होतं, तेही डोळ्यांसमोर होतं.

मी म्हणाले, "वनरक्षक मॅडमना येऊ द्या. त्या बघतील, मग ठरवा."

"आन् तवर येखांदं लेकरू गेलं तर? तुमी जबाबदारी घेता का?"

सरपंच चुकीचं काही बोलत नव्हते. त्यांचा नातू पहिलीत होता.

वनरक्षक म्हणजे वनखात्याची त्या भागातली, रानात प्रत्यक्ष फिरणारी कर्मचारी. आमच्याकडं एक तरुण मुलगी होती. सरांनी फोन लावला. ती दुसऱ्या गावाला पंचनाम्यात अडकली होती. म्हणाली, सकाळी येते. मग मला फोनवर घेऊन तिनं नीट सांगितलं, "मॅडम, लहान पोरं मधी ठेवा. मोठ्यानं बोलत चला. दिसलाच तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, पाठ दाखवायची नाही. वाकलं की माणूस त्याला जनावरासारखा दिसतो."

शाळा लवकर सोडली. गावातली पोरं पालक घेऊन गेले. वस्तीवरची पोरं राहिली. त्यांचे आई-बाप बहुतेक दुसऱ्याच्या रानात कामाला. समृद्धीचे वडील बळीराम तेवढे काठी घेऊन आले. सरांना गावातल्या पोरांना शेवटच्या घरापर्यंत पोचवायचं होतं. म्हणून बळीरामभाऊंबरोबर मी निघाले. ते पुढं, पोरं मधी, मी शेवटी. पहिलीतला शिवम चालेना, त्याला कडेवर घेतला.

ऊस डोक्याच्या वर गेलेला. वाटेवर दोन्ही बाजूंनी पाचट लोंबत होतं. वारा आला की सगळा ऊस सळसळायचा आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आला. मी पोरांना पाढे म्हणायला लावले. आधी मोठ्यानं म्हणत होती. मग आवाज बारीक होत गेला.

अर्ध्या वाटेवर शिवमनं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं आणि माझा पदर घट्ट धरला. मी वळले.

आम्ही आत्ताच जिथून आलो होतो, त्या वाटेवर तो उभा होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. अंग खाली दाबलेलं, शेपटीचं टोक हलत होतं. तो माझ्याकडं नाही, शिवमकडं बघत होता, असं मला वाटलं. आजही तसंच वाटतं.

मी हाक मारली, "बळीरामभाऊ."

त्यांनी मागं पाहिलं. पोरंही वळली. एक मुलगी रडायला लागली. बळीरामभाऊ पोरांच्या कडेनं माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "पळू नगा. समदे माझ्याकडं बघा. समृद्धी, पाढा म्हन."

समृद्धीनं पाढा सुरू केला. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. मग बाकीची म्हणायला लागली. बळीरामभाऊ काठी जमिनीवर आपटत राहिले. आम्ही तोंड बिबट्याकडं ठेवून, उलट्या पावलांनी, एकमेकांना चिकटून सरकत राहिलो. माझी चप्पल निघाली. उचलायला वाकले नाही.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. त्यानं एकदा मान फिरवली आणि उसात शिरला. जराही आवाज झाला नाही. याचीच जास्त भीती वाटली. आता तो कुठं होता, ते कळायला काही मार्ग नव्हता. वस्ती येईपर्यंत पोरं पाढे म्हणत होती. मी मात्र वस्तीवर पोचल्यावर ओट्यावर बसले आणि पोरं पुन्हापुन्हा मोजत राहिले.

सकाळी वनरक्षक आणि जेसीबी एकाच वेळी आले. तिनं सरपंचांना उसात नेलं. पाणी दिलेल्या सरीत ओल्या मातीवर ठसे होते. मोठे आणि त्यांच्या बाजूला लहान.

"मादी आहे, पिल्लू आहे. ती उसातच राहतीय, सरपंच. तुमच्या झाडीत एकसुद्धा ठसा नाही. डोंगर बोडका झाला, तिथं ना ससा राहिला ना आडोसा. तिच्या लेखी हा ऊसच जंगल. झाडं पाडून काय होणार? ऊस पाडता का?"

सरपंच ठशांजवळ वाकले. मग म्हणाले, "मग ती साळंजवळ कशाला येती?"

तिनं शाळेच्या मागं, उसाच्या कडेला असलेला खड्डा दाखवला. खिचडीचं उरलेलं आम्ही तिथं टाकायचो. ते खायला गावातली कुत्री यायची. बिबट्याला कुत्रं सगळ्यात सोपं.

जेसीबीनं तोवर कडेची सुबाभूळ पाडली होती. लिंब आणि करंज राहिले. खालची घाणेरी काढून टाकली. पिंजरा लावला, त्यात कुणी आलं नाही. ऊस तुटून गेला तशी ती मादीही दिसेनाशी झाली. कुठं गेली ते माहीत नाही. ऊस परत वाढलाय. पालक आता पाळीपाळीनं पोरांना आणतात-नेतात, आणि त्या वाटेवर मी अजूनही मागं बघत चालते.

नव्यानं रुजू होणाऱ्या शिक्षकांना मी एवढंच सांगते. पहिल्याच आठवड्यात वनरक्षकाचा नंबर घ्या आणि खिचडीचं खरकटं पुरून टाका. झाडं वाचवण्याचं भाषण त्यानंतर करा.