मुलाखतीला आलेला तांडा

परवा मुलीची मोबाइलवर नोकरीची मुलाखत होती. "पप्पा, मधे येऊ नका," म्हणत तिनं दार लावलं, आणि मला माझी मुलाखत आठवली.

तेव्हा कापसाचा भाव पडलेला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. यवतमाळच्या एका जिनिंगला फिटर हवा होता. पुसदकडच्या आमच्या बंजारा तांड्यातली माणसं तिथं कापसाच्या गाठी उचलायची. मशीनवर आमच्यातलं कोणीच नव्हतं. मी आयटीआय झालेला. पण तांड्यात सोयरीक असो की सौदा, तांड्याच्या प्रमुखाशिवाय, म्हणजे नायकाशिवाय, बोलणी होत नाहीत. म्हणून नायक, बाबा, दोन काका, सारे पागोटी बांधून माझ्यासोबत आत शिरले. सरकीच्या त्या उग्र वासात मी लाजेनं घामाघूम.

"नोकरी नेमकी कोणाले पायजे?" शेठजींनी विचारलं.

"या पोराले," नायक म्हणाले.

"गाठी उचलते काय?"

"नाही. मशीनचं शिकला तो."

"अन् काम सोडून पळाला तं?"

"मंग आमी कायले आलो? धरून आणून देतो!"

शेठजी हसले. "उद्यापासून पाठवा मशीनवर. पण एकट्यालेच."

त्या मुलाखतीत मी एक शब्दही बोललो नाही, याची तेव्हा फार लाज वाटली. आज वाटतं, मी एकटा गेलो असतो, तर शेठजींनी सरळ गाठींकडं बोट दाखवलं असतं.