ग्योकलान वहिनींचं तिळाचं कोंबडं ओसाकाला कसं पोचलं

आमच्या ग्योकलान वहिनींना कुणी 'जमणार नाही' म्हटलं, की ते काम झालंच म्हणून समजा. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा गाव म्हणालं, एकट्या बाईला बदकं सांभाळायला जमायची नाहीत. वहिनींनी बदकं दुप्पट केली. तळ्यापलीकडून त्यांनी हाक मारली तर माझ्या घरातली मांजरं पळतात. पण हाक ओसाकाला पोचेना, तिथं मात्र वहिनी अडल्या.

त्यांची नात पेइरू तिकडे बाळंत झाली. आमच्यात बाळंतिणीनं महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही आणि काळ्या तिळाच्या तेलातलं कोंबडं खायचं. करणार कोण? तर जपानी नातजावई, तात्सुरो. पोरगा गुणाचा, पण त्याला आमची बोली कळत नाही आणि चुलीची तर कुठलीच बोली कळत नाही. म्हणून वहिनींनी फोनवर करून दाखवायचं, त्यानं बघून करायचं, असं ठरलं.

या कोंबड्याचा जीव आल्यात असतो. मंद आचेवर चकत्यांच्या कडा वळल्या की लगेच कोंबडं टाकायचं. उशीर झाला की कडूजहर. आणि नेमकं त्याच वेळी चित्र गोठायचं. इकडे वहिनी 'टाक, टाक' म्हणून ओरडताहेत, तिकडे जावई गोठलेल्या वहिनींसमोर अदबीनं उभा! दोनदा कडू झालं. पेइरू म्हणाली, "राहू दे आजी, मी भातच खाईन."

"महिना सरत आला, नुसत्या भातावर पोर उभी कशी राहायची?" वहिनी मला म्हणाल्या. "चला भावजी, दुकानात."

वायफायचा डबा वहिनींच्या थोरल्या मुलाच्या खोलीत, अंगणाच्या डाव्या अंगाला. स्वयंपाकघर उजव्या टोकाला. मध्ये पूर्वजांच्या पूजेची खोली, तिच्या भिंती ही एवढ्या जाड, म्हणून चुलीपाशी चित्र गोठायचं. दुकानात वहिनींना वायफाय पुढं पोचवणारा, चार शिंगांचा एक्स्टेंडर पसंत पडला. "हा तगडा दिसतो."

"आजी, बैल घेताय का, शिंगं बघायला?" दुकानदार म्हणाला. "तुमच्या घराला हा छोटा पुरतो. सॉकेटात खोचला की झालं."

घरी येऊन वहिनींनी तो थेट चुलीशेजारी खोचला. लाल दिवा. "फसवलं मेल्यानं!"

मी दुकानदाराला फोन लावला. तो हसायलाच लागला. "अहो, जिथं वायफाय पोचतच नाही, तिथं बसून तो पुढं काय देणार? अर्ध्या वाटेवर लावा, जिथं अजून नीट मिळतंय."

"म्हणजे कोरड्या पाटात पंप ठेवला आपण," मी म्हटलं.

"मग आधी का नाही बोललात?" वहिनी फणकारल्या.

"तुम्ही बोलू दिलंत कुठं?"

अर्धी वाट म्हणजे पूर्वजांची खोली. तिथं विचारल्याशिवाय आम्ही खिळाही ठोकत नाही. माझ्या वडिलांनी म्हैस विकू का म्हणून कौल लावला होता, पूर्वज नाहीच म्हणत राहिले, म्हैस आमच्याकडेच म्हातारी झाली!

वहिनींनी उदबत्ती लावून लाकडी कौलांची जोडी हातात घेतली. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. "इथं यंत्र लावू का?" दोन्ही पालथे. नकार.

"सासूबाई असणार," वहिनी पुटपुटल्या. "मिक्सरलाही नाही म्हणाल्या होत्या." पुन्हा टाकले, तर दोन्ही उताणे. म्हणजे पूर्वज हसताहेत. "हसू नका! पोर उपाशी आहे तिकडे!"

माझं लक्ष सॉकेटकडे गेलं; ते एकच होतं आणि त्यात पूर्वजांपुढच्या दिव्यांची पिन होती. "वहिनी, समोरचे लाल दिवे काढून यंत्र लावणार? त्यांना अंधारात बसवून?"

वहिनींनी जीभ चावली. मी घरून जोडबोर्ड आणला. दिवे जळतेच ठेवले, यंत्र शेजारी. तिसऱ्यांदा कौल टाकला: एक उताणा, एक पालथा! मग मुलाच्या खोलीतल्या डब्याचं जोडणीचं बटण दाबलं, लगोलग या यंत्राचं. हिरवा दिवा लागला.

दुपारी फोन लावला. चित्र कसं, पाटाच्या पाण्यासारखं वाहतंय! इकडे कडा वळल्या, तिकडे वळल्या. "टाक!" टाकलं. तांदळाची दारू ओतली, वाफेनं दोन्हीकडची काच धुरकटली. तात्सुरोनं वाटी भरली, चव बघितली. पुन्हा बघितली. तिसऱ्यांदा चमचा गेला तशा वहिनी कडाडल्या, "अहो जावईबापू, बाळंतीण तुम्ही का ती?"

पेइरूनं हसत वाटी ओढून घेतली. मग ती नुसती खात होती, आणि वहिनी आपली चूल विझवायची विसरून बघत होत्या.