कपाटातले नऊ अहवाल

पडदा वर जातो तेव्हा आठला पाच मिनिटं कमी आहेत. जपानमधलं त्सुबामे गाव, ओत्सुबोंचा चमचे पॉलिश करायचा कारखाना, म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. छपरावर बर्फ. रेडिओवरचा व्यायाम नुकताच संपलाय. रोजच्या सकाळच्या सभेसाठी आठ माणसं अर्धवर्तुळात उभी आहेत. डाव्या अंगाला काचेचं कपाट. त्यात बोलिंग स्पर्धेतले दोन चषक, एक किमोनोतली बाहुली आणि नऊ जाडजूड अहवाल, वर्षांच्या क्रमाने, ताठ उभे. मधोमध कुनिएदाबाई. कोट हातावर, हातात कागद नाही. मी, आता कारखान्यांना जेवणाचे डबे पोचवणारा, चळत घेऊन दाराशी.

मी चाळीस वर्षं फिरत्या नाटक मंडळीत काढली. भरल्या खोलीत इतकं एकटं उभं राहिलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

बाई कॉलेजात व्यवस्थापन शिकवायच्या, माझ्या घरात वरच्या खोलीत राहायच्या. चार वर्षांपूर्वी त्यांची आई गेली, तेव्हापासून संध्याकाळी वरून एकच वाटी धुतल्याचा आवाज यायचा. नऊ वर्षं त्या गावातल्या एकोणतीस कारखान्यांत रोज सकाळच्या या सभांना कोपऱ्यात उभ्या राहिल्या. त्यातून त्यांना एक गोष्ट सापडली. मालक नुसतं "काल काही घडलं?" असं विचारतो, तिथे सगळे एका सुरात "काही नाही!" म्हणतात आणि वर्षभरात कुणीतरी जखमी होतं. मालक आधी स्वतःची चूक सांगतो, तिथे बाकीचेही आपापलं 'थोडक्यात वाचलो' बाहेर काढतात.

गोष्ट एवढीच. पण दरवर्षी ती अडीचशे पानांच्या अहवालात जायची. बाई तो घेऊन आल्या की कारखान्यात सगळे उठून उभे राहायचे. मालक ओत्सुबो दोन्ही हातांनी अहवाल घ्यायचे, कंबरेत वाकायचे, जपून कपाटात ठेवायचे. एवढ्या मोठ्या बाईंची वस्तू, तेलकट हातांनी कशी उघडायची?

त्या डिसेंबरात ओत्सुबोंकडे चाकावर काम करणाऱ्या हिरासावामावशींचा हातमोजा पॉलिशच्या चाकात अडकला. दोन बोटं मोडली. आधी दोनदा तसाच अडकून सुटला होता, हे मावशींनी दवाखान्यात सांगितलं. सभेत कधीच नाही.

त्या रविवारी बाई माझ्याकडे खाली आल्या. मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या.

"मास्तर, तुमचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत कसं पोचायचं?"

"ओरडून नाही. शेवटच्या रांगेतली एखादी बाई निवडायची, तिच्याकडे बघून बोलायचं. तुम्ही कुणाकडे बघून लिहिता?"

"जे माझी चूक काढतील, त्यांच्याकडे."

"मग आता मावशींकडे बघून बोला. घ्या, मी मावशी."

मी डोक्याला रुमाल बांधला. बाई ताठ उभ्या राहिल्या. "सर्वेक्षणात समाविष्ट एकोणतीस कारखान्यांपैकी..." मी घोरायला लागलो. बाई हसल्या. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

"बाई, तुम्हीच म्हणता ना, वरच्याने आधी आपली चूक सांगावी. मग तुमची कुठली?"

हसू गेलं. "मला विचार करू द्या," म्हणून त्या वर गेल्या.

तर आता ती सकाळ. ओत्सुबो म्हणाले, "आज सेन्सेई दोन शब्द बोलणार आहेत." बाईंना इथे सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणत. सगळे वाकले.

"मला एक चूक सांगायची आहे," बाई म्हणाल्या. डोळे मावशींच्या बांधलेल्या हातावर. "या अहवालांवर प्लास्टिकचं वेष्टण असतं. तिसऱ्या वर्षी मी इथे आले, तेव्हा आधीच्या दोन्हींचं वेष्टण फोडलेलंच नव्हतं. ते मी पाहिलं. मला लाज वाटली, म्हणून बोलले नाही. घरी जाऊन जेवले. पुढची सहा वर्षं तसंच. इथे काय करायला हवं ते मला ठाऊक होतं. तुम्ही वाचत नाही, हेही ठाऊक होतं. मावशी, मी तेव्हाच तोंडाने सांगितलं असतं, तर कदाचित तुमची बोटं वाचली असती."

कुणी हललं नाही. ओत्सुबोंचे कान लाल झाले. नाटकात अशी शांतता मिळाली की आम्ही श्वास रोखायचो. कुणीतरी खोकणार, ही भीती.

ओत्सुबोच खोकले. "माझाही हातमोजा अडकला होता. वसंतात. मी मालक ना, कसं सांगणार?"

"म्हणून तुम्ही आठवडाभर खिशातून हात काढत नव्हता होय!" मावशी ओरडल्या. "आणि आम्हाला वाटलं, साहेबांना थंडी वाजते!"

"मावशी, तुम्ही गप्प बसा," ओत्सुबो म्हणाले, "तुमचा तर दोनदा—"

"माझा तीनदा," मागून पॅकिंगवाले निशिगाकी म्हणाले.

"तुम्ही चाकावर कशाला गेलात हो?" ओत्सुबोंनी विचारलं.

मग काय! चार चाकं दाखवली गेली, कुठला मोजा, कुठली बाही, सगळं एकदम. ओत्सुबोंनी तिथल्या तिथे स्वतःचे हातमोजे काढून खोक्यात टाकले आणि चाकापाशी उघड्या हाताने चमचा कसा धरायचा, यावर निशिगाकींशी भांडायला लागले. आठ वाजून वीस मिनिटं झाली, तरी यंत्रं बंद. या कारखान्यात असं कधी घडलं नव्हतं.

बाईंकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांनी कोट चढवला आणि माझ्या बाजूने दाराबाहेर पडल्या.

थोड्या वेळाने आतून मावशींनी हाक मारली, "सेन्सेई कुठे गेल्या? चहा ठेवलाय म्हणावं." मी बाहेर पाहिलं. बाई गल्लीत भिंतीला लागून उभ्या होत्या, पत्र्याआडून येणारा कलकलाट ऐकत. खांद्यांवर बर्फ साचला होता.

त्याच दुपारी मी मुलीकडे निगाताला गेलो, तिथे आजारी पडलो. एप्रिलमध्ये परतलो तेव्हा वरची खोली रिकामी होती. त्यामुळे त्या गल्लीतलं बोलणं शेवटचंच.

"बाई, आत चला," मी म्हटलं. "चहा ठेवलाय, बोलावताहेत."

त्यांनी मान हलवली.

"नको, मास्तर. मी आत गेले, तर ते पुन्हा उठून उभे राहतील."