तिसऱ्यांदा कोण म्हणालं?

निरगुडसरच्या बौद्धवाडीत भुताला न भिण्याचं काम जयवंतकडे होतं. तसा काही ठराव झाला नव्हता. पण दर पौर्णिमेला विहारात अंधश्रद्धेवर बोलायला तोच उभा राहायचा, आणि असा रंगायचा की मागं खिचडी गार होतेय याचंही त्याला भान नसायचं. 'भूत ही मनाची खोड आहे,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे या जानेवारीत एका पहाटे त्याच्या पाठीतून जे काही सरसरत गेलं, ते सांगायला त्याला अख्ख्या वाडीत एक माणूस सापडेना.

कारण होती अंगणातली जुनी डिझेल जीप. त्याच्या वडिलांची, हौशीरामची. त्यांना तो दादा म्हणायचा. म्हातारा पावसाळ्यात गेला आणि गाडी जयवंतकडे आली. त्याची बायको रत्ना पहाटे उठून पोहे करायची आणि जयवंत ते जीपमधून अवसरीला, इंजिनिअरिंगच्या पोरांना पोचवायचा. घर त्यावर चालायचं. पण थंडी पडली आणि जीपनं मान टाकली. नुसती घरघरायची, हादरायची, मागून पांढरा धूर सोडायची आणि गप्प व्हायची.

अशा गाडीची किल्ली थंडीत आधी अर्धी फिरवून थांबावं लागतं. इंजिनातले हिटर तापले की मग पूर्ण. तापल्याचं सांगणारी पिवळी लाईट कधीचीच गेली होती. हौशीरामनं त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. किल्ली अर्धी धरायची आणि त्रिशरण म्हणायचं, 'बुद्धं सरणं गच्छामि'पासून. एकदा, मग 'दुतियम्पि' करून दुसऱ्यांदा, मग 'ततियम्पि' करून तिसऱ्यांदा. तिसरं संपलं की घसा खाकरून एक जंगी खोकला, आणि किल्ली. खोकल्याला खोकल्यानं उत्तर देत गाडी सुरू व्हायची.

जयवंतला हे कधीच पटलं नाही. "वंदना माणसासाठी हाय, मशिनीसाठी न्हाई," असं तो बापाला ऐकवायचा. बाप म्हणायचा, "अरं, ती बी घरातलीच की!"

आता जयवंत मोबाईलवर दहा सेकंद लावायचा आणि किल्ली मारायचा. गाडी शास्त्रशुद्ध पद्धतीनं बंद राहायची.

मंचरचा मेकॅनिक भरत बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "राव, चारातले दोन हिटर गेलेत. आन् ह्या गाडीचे पार्ट आता कुठं मिळायचे?"

"मग काय करू?"

"दोघांवर चौघांचं काम चाललंय. दमानं घ्या तिला."

दमानं म्हणून जयवंतनं पंधरा सेकंद धरले. काही फरक पडला नाही. उन्हं आल्यावर गाडी कशीबशी सुरू व्हायची, त्यामुळे पोह्यांचे डबे उशिरा जायला लागले, पोरं कुरकुरायला लागली. शेवटी रत्ना म्हणाली, "अवो, उद्या जर का ही चालू झाली न्हाई, तर मी भंगारवाल्या सोपानला बोलावलंच म्हणून समजा. मग बसा विहारात भाषणं करत."

हे ऐकून कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या आईनं, जानकाबाईनं, घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. नवरा गेल्यापासून ती तशी कमीच बोलायची.

रत्नाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. गेले काही दिवस पहाटे जाग आली की जयवंतला अंगणातून आवाज ऐकू यायचा. त्रिशरणाचा. पहिली दोन आवर्तनं पुटपुटल्यासारखी, कुणाची ते कळू नये अशी. मग जरा शांतता. आणि मग तिसरं. घोगरं, संथ, एकेक शब्द जमिनीवर ठेवत गेल्यासारखं. शेवटी तोच जंगी खोकला.

जयवंत गोधडीत शिरून स्वतःला आपलंच भाषण ऐकवायचा. भाषण विहारात बरं वाटायचं. गोधडीत त्याचा काही उपयोग होत नव्हता.

रत्नाच्या धमकीच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्याला उठावंच लागलं. गाडी वाचवायची तर लवकर सुरुवात करायला हवी होती. दार उघडलं तर घोडनदीकडून आलेलं धुकं अंगणात बसलेलं. समोरचा ऊस दिसत नव्हता. बिबट्याच्या भीतीनं उजाडायच्या आत उसाकडं कुणी जात नाही, पण त्या क्षणी तो आला असता तरी जयवंतला सोबत वाटली असती.

टॉर्च लावून तो जीपपाशी गेला. काचा आतून धुरकटलेल्या होत्या. आत कुणीतरी श्वास घेत होतं.

पुटपुट सुरू झाली. पहिलं आवर्तन. दुसरं. मग शांतता. आणि अगदी जवळून, ड्रायव्हरच्या बाजूनं, सावकाश आलं: "ततियम्पि..."

खोकला झाला तसं जयवंतनं डोळे मिटून दार ओढलं.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती. शेजारच्या सीटवर घोंगडी पांघरून जानकाबाई बसली होती.

"दार लाव. गारवा येतोय."

"आई! तू हितं रोज बसतीस?"

"मग? ह्यांच्या शेजारी जलमभर बसले. पहाटं दुसरीकडं कुठं बसू?"

जयवंतचा जीव भांड्यात पडला. तो हसला सुद्धा. "पण दादांचा आवाज काय हुबेहूब काढतीस गं! तिसरं ऐकताना माझं पाणी पाणी झालं."

जानकाबाईनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "मी कशाला तिसरं म्हणू? दोन माझी, तिसरं ह्यांचं. गाडीत बसलो की आमचं तसं ठरल्यालं व्हतं. मी दोन म्हणती आन् गप बसती. मग तू म्हणतोस की रोज, बाहीर उभा ऱ्हाऊन."

"मी?"

"मला लई बरं वाटतं, लेकरा. पण खोकतोस बी त्यांच्यावाणी. आजपासनं काढा घे."

जयवंत ड्रायव्हरच्या सीटवर बसला. सीट गार आहे की कोमट, हे तपासायचं त्यानं टाळलं. वैज्ञानिक दृष्टिकोनालाही एखाद दिवस सुट्टी असावी.

त्यानं किल्ली अर्धी फिरवली. मोबाईल खिशातच राहू दिला. जानकाबाईनं दोन आवर्तनं म्हटली आणि ती थांबली. धुक्यात सगळं थांबलं. दुसऱ्या कुणी तिसरं सुरू करायच्या आत जयवंतनं घाईनं 'ततियम्पि' म्हटलं; पण एकदा सुरू केल्यावर ते आपोआप संथ झालं, बापाच्या चालीनं. शेवटी घसा खरखरला आणि खोकला आपला आपण आला.

किल्ली. गाडी हादरली, कण्हली, धुक्यात आणखी धूर मिसळला, आणि इंजिन धडधडायला लागलं.

रत्ना डबे घेऊन धावत आली. "आज कसं काय जमलं हो?"

"हिटरला वेळ लागत व्हता," जयवंत म्हणाला. ते खोटं नव्हतं.

सोपानला बोलावणं गेलं नाही. थंडी सरली तरी मायलेक रोज पहाटे गाडीत बसतात. पौर्णिमेचं भाषणही जयवंत पूर्वीसारखंच देतो. फक्त आता जरा आटोपतं घेतो. आणि पहाटे आईचं दुसरं आवर्तन संपलं की क्षणभरही थांबत नाही. आपण थांबलो तर तिसरं कोण म्हणेल, हे त्याला पक्कं माहीत आहे.