खटक्यावरचा हार
झेंडूचा वास आला की माझ्या डाव्या तळहातातला व्रण आजही ठणकतो. कळंबला एका फर्निचरच्या कारखान्यात मी तेव्हा फिटर होतो आणि खंडेनवमीला मालक हत्यारांची पूजा करत होता. पाटावर करवत, रंधा, पटाशी आणि शेवटी स्क्रू मारायची नवी, बॅटरीवरची मशीन. ती पाटावरून घसरायला लागली, म्हणून त्यानं मला पुढून धरायला लावली. मशीनच्या तोंडाला स्क्रू फिरवणारं टोकदार बिट तसंच होतं. मी म्हणालो, "मालक, आधी बॅटरी काढू द्या, मग बांधा हार." तो सगळ्यांदेखत खेकसला, "मेलेल्या मशीनची पूजा करू व्हय? तू मला शिकवनार? गुमान धर!" आणि हाराचा दोरा त्यानं मशीनच्या मुठीभोवती, थेट चालू करायच्या खटक्यावरून, करकचून आवळला. मशीन गुरगुरली आणि फिरतं बिट माझ्या तळहातात घुसलं. दोऱ्यामुळे खटका सुटेना. शेवटी दुसऱ्या हातानं मीच बॅटरी उपसली, तेव्हा हार तुटला. पाटावर माझं रक्त ठिबकत होतं आणि तो ओरडत होता, "हार तोडलास ना! सनाचा अपशकुन केलास!" माझ्या हाताकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. आता माझं स्वतःचं दुकान आहे. खंडेनवमीला मी आधी बॅटरी काढतो, बिट काढतो, मगच हळदकुंकू वाहतो. देव अजून एकदाही कोपलेला नाही. यंदा दसऱ्याला तोच मालक सोनं द्यायला आला आणि पाटावरच्या मशीनला हात लावायला वाकला. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "हात लावू नका. लांबूनच पाया पडा."