रूमवरून घरी

लग्न होऊन मी गोंदियाला आले तेव्हापासून सासूबाई फोनवर एकच प्रश्न विचारत आल्या. गावाहून परत निघालो, बल्लारशा गाडीतून उतरलो, की फोन वाजायचा. "पोचले का रूमवर?" आधी फोन नवऱ्याला, मग मला, दोघांनाही तोच प्रश्न. आम्ही एका खोलीत राहिलो तेव्हा रूम, दोन खोल्यांत राहिलो तेव्हा रूम, आणि नंतर तीन खोल्या, गच्ची आणि मागे पपईचं झाड असलेलं अख्खं घर किरायाने घेतलं तेव्हाही रूमच. त्या घरात माझी मुलगी दहावी पास झाली, पण तेसुद्धा सासूबाईंच्या लेखी रूमवर शिकून. घर म्हणजे गावचं. अर्जुनी मोरगावकडचं, जिथे बांधावर उभं राहिलं की आमच्याकडच्या प्रतापगडाचा, महादेवाचा डोंगर दिसतो, ते. "घरी कधी येता?" म्हणजे तिकडे कधी येता.

सुरुवातीला मला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्या भागात शिकायला, नोकरीला आलेला प्रत्येक जण रूमवरच राहतो. पण पुढे पुढे तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरायला लागलं. मी बाजारात ब्लाऊज शिवायचं दुकान चालवते. फॉल-पिको, मॅचिंग अस्तर, लग्नसराईत पाठीवर नक्षी, सगळं. चार बाया माझ्याकडे कामाला आहेत. दुकानाचा बोर्ड मी लावलाय, त्याचा दिवा मी लावते, आणि रात्री कुठे परतायचं तर रूमवर! नवऱ्याला म्हटलं तर तो हसायचा. "तिच्या तोंडात बसलाय शब्द, तू कायले मनावर घेऊन राहिलीस?" त्याला काय, तो सकाळी कंपनीच्या बसने तिरोड्याच्या वीज प्रकल्पात जातो आणि संध्याकाळी थकून येतो. झोपेला घर काय आणि रूम काय.

मग सासूबाई बांधावरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघा धरून बराच वेळ चिखलात बसून होत्या आणि हाक ऐकायला आसपास कोणी नव्हतं. सासरे गेल्यापासून त्या तिथे एकट्याच. शेती ठेक्याने दिलेली, पण बांधावर चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. त्या दिवसापासून आमच्या दोघांच्याही मनात एकच घोर: आईला आता एकटं ठेवायचं नाही. पण सासूबाई किरायाच्या घरात येऊन राहायला तयार नव्हत्या. "रूमवर किती दिवस राहाव माणसानं? आठ दिवस. मंग आपल्या घरी जाव." म्हणजे त्यांना आणायचं तर आधी घर हवं. स्वतःचं. जे आम्ही बाजूला टाकत आलो होतो त्याला आता मुहूर्त लागला.

इथे आमचं भांडण सुरू झालं. नवऱ्याला प्लॉट हवा होता. तिरोडा रोडवर एक ले-आऊट पडला होता, तिथे तो मला मोटरसायकलवर बसवून घेऊन गेला. लाल मुरमाचा रस्ता, चुन्याने आखलेले चौकोन, आणि एका बाभळीपाशी बोर्ड: गार्डन. त्या बाभळीखाली दोन बकऱ्या बसल्या होत्या, तेवढीच बाग. नवरा प्लॉटच्या चारी कोपऱ्यांवर जाऊन उभा राहिला. "इथं बस थांबते माझी, कोपऱ्यावर. मोकळी हवा आहे. आईसाठी आंगण होईल. तुळस, गाय बांधली तरी चालते." बोलताना त्याचा चेहरा इतका खुलला होता की मीही त्याच्यामागे कोपऱ्याकोपऱ्याने फिरले. पण मी गप्प बसणाऱ्यांतली नाही.

"आणि मी?" मी विचारलं. "मी दुकानात कशी जाऊ?"

"मी सोडून देईन ना."

हेच ते. मला गाडी चालवता येत नाही. शिकायला गेले होते, पहिल्याच दिवशी एका भाजीच्या ठेल्यात घुसले, आणि तो विषय तिथे संपला. आयुष्यभर मी कोणाच्या तरी मागे बसून जात आले आहे. आधी वडिलांच्या सायकलवर, मग भावाच्या, मग नवऱ्याच्या. त्या मुरमावर संध्याकाळी ऑटोसुद्धा येत नाही. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर तिरोड्याहून नवरा येण्याची वाट बघायची. मी साफ सांगितलं, बाभळीखाली बसून कोणाची वाट बघण्यासाठी मी मशीन चालवून पाठ मोडून घेतलेली नाही.

दुसरं एक घर पाहिलं ते शहराच्या कडेला, राईस मिलच्या वस्तीत. घर छान होतं, ऐसपैस, मालकीणही बोलायला मोकळी. गच्चीवर गेले आणि कठड्यावर हात ठेवला तर तळहात काळा. मिलच्या धुराड्याची राखड. मालकीण म्हणाली, "कपडे अंदर सुखाते हम लोग, आदत हो जाती है." पांढऱ्या अस्तराचं काम करणाऱ्या बाईला ती सवय होऊन चालणार नव्हतं. धानाच्या गावात राहायचं म्हणजे मिल असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. मी नमस्कार करून खाली उतरले.

आणि मग बाजारातली ही बिल्डिंग. खाली गाड्या ठेवायची जागा, वर चार मजले, आमचा सगळ्यात वरचा. दुकानापासून चालत जाण्याइतकी जवळ. भाजी, किराणा, दवाखाना, स्टेशन, सगळं पायाखाली. नवऱ्याने नाक मुरडलं आणि त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. लग्नसराईत बँडबाजा थेट कानात. खालच्या रस्त्यावरून मोटरसायकल काढायला जागा नाही. बाल्कनीतून दिसतं काय, तर टिनाची छपरं, पाण्याच्या टाक्या आणि केबलच्या वायरी. दिवसभर रस्त्याच्या मधोमध गाई बसलेल्या. आणि आंगण नाही. ते त्याने तीनदा म्हटलं. "आई राहणार नाही, पाहून घे तू. तिले जमीन लागते पायाखाली."

ती भीती मलाही होती. मी वरून ठाम दिसत होते, पण घर घेतलं आणि ज्यांच्यासाठी घेतलं त्याच आठ दिवसांत निघून गेल्या तर? त्या पुन्हा बांधावर एकट्या, आणि दोष माझा, बाजारात राहायचा सोस असलेल्या सुनेचा. तरी मी हटले नाही. नवरा शेवटी म्हणाला, "घे बाई, तुझंच खरं." हे तो हरल्यावर म्हणतो, पण रजिस्ट्री झाली त्या दिवशी मिठाई त्यानेच आणली, आणि कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना सांगितलं की फ्लॅट मिसेसने पसंत केलाय. दारावरच्या पाटीवर दोघांची नावं आहेत. माझं वर. पाटी मी करायला दिली होती.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांचे दिवस संपले, धान कापून झालं, तेव्हा सासूबाईंना आणलं. वास्तुपूजा झाली. मुलगी नागपूरहून होस्टेलमधून आली होती. तिने आजीला लिफ्ट दाखवली तर त्या दोन पावलं मागे सरल्या. "त्या डब्यात मी बसत नाही." गुडघ्यावर हात ठेवत, प्रत्येक वळणावर थांबत, जिन्याने वर आल्या. घर बघितलं. स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. बाल्कनीत उभं राहून विचारलं, "प्रतापगड कोणीकडं?" नवऱ्याने टाक्यांच्या पलीकडे बोट दाखवलं, त्या तिकडे हात जोडून उभ्या राहिल्या. मी मागे उभी. आता काहीतरी बोलतील, छान आहे म्हणतील, म्हणून वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "हवा येते." बस.

पूजेला आलेल्या नणंदेला त्यांनीच सांगितलं, "पोरायची रूम चांगली आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाहुण्यांसमोर बोलता येईना. पुऱ्या तळायला उभी राहिले आणि दोन करपवल्या. म्हटलं, ज्या घरासाठी मी नवऱ्याशी वाद घातले, ज्याची प्रत्येक फरशी मी हात फिरवून बघितली, तेसुद्धा रूम! रात्री नवऱ्याला म्हटलं, "तुमची आई आठ दिवसांत जाणार." त्यालाही तसंच वाटत होतं.

पूजेचे पाहुणे गेले, मुलगीही परत गेली. सासूबाई शांत होत्या. सकाळी बाल्कनीत बसायच्या, खालच्या गाई मोजायच्या. भाजीवालीशी वरूनच भाव करायला शिकल्या. पण पिशवी मात्र पलंगाखाली भरलेलीच. लुगडी त्यातूनच काढायच्या, वाळली की त्यातच घड्या घालून ठेवायच्या. मी कपाटाचा एक खण रिकामा करून दिला होता. तो रिकामाच राहिला. मी रोज सकाळी तो उघडून बघायची आणि रोज माझा पारा चढायचा.

त्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. नवरा डबा भरायची वाट बघत तयार होऊन बसला होता. दाराची बेल वाजली. उघडलं तर खालच्या मजल्यावरची बाई, कापडाच्या मोठ्या दुकानवाल्यांकडची. एक पाय उचलून उभी, चप्पल हातात.

"भाभीजी, जरा नीचे आइए. अम्माजी ने हमारे दरवाजे पे गोबर डाल दिया."

मी धावतच खाली गेले. खालच्या मजल्याच्या त्या चकचकीत टाइल्सवर, दारापासून थेट जिन्यापर्यंत, शेणाचा सडा. मधे तांदळाच्या पिठाच्या चार रेघा, त्यांतल्या दोन चपलेने फिसकटलेल्या. आणि बाजूला सासूबाई, पदर खोचलेला, हातात माझी कपडे भिजवायची बादली. रस्त्यावरच्या गाईचं ताजं शेण गोळा करून, पार्किंगच्या नळावर पाणी घालून, जिन्याने वर आल्या होत्या. मजले बरोबर चार मोजले होते. फक्त खालची गाड्या ठेवायची जागा त्यांनी पहिला मजला धरली होती. दारं सगळी सारखीच तपकिरी, आणि दिवाळीचं तोरण दोन्ही दारांवर.

लाजेने माझे कान तापले. सगळ्या बिल्डिंगमध्ये आम्ही नवे. अजून कोणाला नीट ओळखतही नव्हतो, आणि आता आमची ओळख ही. इतक्या दिवसांचा राग एकदम तोंडावाटे बाहेर पडला.

"आई, हे काय करून ठेवलं? इथे असं चालत नाही. हे काय गावचं आंगण आहे?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. घाबरल्या नाहीत, उलट त्यांच्याच कपाळाला आठी पडली.

"आंगण नाही तं काय झालं? दार तं आहे ना. आपल्या घराच्या दारात सडा नाही टाकाचा तं कोणाच्या टाकाचा?" आणि मग, मला एवढंही कसं कळत नाही अशा आवाजात, "इतके वर्स तुमच्या रूमवर येऊन राहिली मी. टाकला का कधी? किरायाच्या दारात कोण टाकते?"

खरंच होतं. कधी म्हणजे कधी नाही. त्या पपईच्या झाडाच्या घराला तर पुढे मातीचं छान आंगण होतं. मी म्हणायची, आई, तुम्हाला आवडतं तर टाका सडा. त्या म्हणायच्या, राहू दे. मला वाटायचं, गुडघे दुखतात.

खालच्या मजल्यावरची बाई दोघींकडे बघत होती. तिला आमची बोली किती कळली कोण जाणे, पण तिचा राग उतरलेला दिसला. चप्पल खाली ठेवून ती म्हणाली, "अम्माजी, घर आपका ऊपर है."

सासूबाईंनी दाराकडे बघितलं, तोरणाकडे बघितलं, मग पाटीकडे. वाचता येत नाही, पण पाटीचा रंग आमच्या पाटीचा नव्हता. पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या. मीही हसले. मग खालची बाईसुद्धा. मी फडकं आणते म्हटलं तर ती म्हणाली, "रहने दीजिए, बाई आएगी तो पोंछ देगी."

सासूबाईंनी बादलीत डोकावून बघितलं. तळाशी थोडं उरलं होतं.

"आपल्या दाराचं होते एवढ्यात," त्या म्हणाल्या. "चाल वर."

बादली मी घेतली. त्या पुढे, गुडघ्यावर हात ठेवत, मी मागे. मी त्या जिन्यावरून कितीतरी वेळा चढले उतरले आहे, सामान चढवलं आहे, चावी हातात आली त्या दिवशी तर धावत गेले होते. पण शेणाची बादली धरून चढताना जो अभिमान वाटला, तो रजिस्ट्रीच्या दिवशीही वाटला नव्हता. दारात नवरा डबा धरून उभा, बसची वेळ झालेली. त्याने बादलीकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"आता हे काय?"

"पाय उचल अन् सरक तिकडं," सासूबाई बादलीत हात घालत म्हणाल्या. "घरापुढं उभा नको राहू."