चवड्यांवर चालणारे साडू

चाकणपासून वाकडपर्यंत माझ्या साडूंइतका दुसऱ्याच्या पायात लक्ष घालणारा माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याला माझ्या घराचा पत्ता देऊ नका; एक आहे तो पुरे आहे. साडू चाकणच्या एका कंपनीत पत्र्याचे पार्ट तपासतात. पार्टवरून बोट फिरवायचं आणि बाक कुठे कमी पडलाय ते सांगायचं, हे त्यांचं काम. पण शिफ्ट संपली तरी बोट थांबत नाही. लग्नाला गेले की नवरा-नवरी राहतात बाजूला, हे मांडवाबाहेरच्या चपला उलट्या करून टाचांची झीज बघतात. एकदा वरबापालाच म्हणाले, पाव्हणं, डावा पाय आत पडतोय तुमचा. अक्षता पडेपर्यंत तो बिचारा खाली बघत उभा होता. साडूंचं शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या झटक्यात. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ते कुठेच उपयोगाला आलं नाही.

माझ्या आठ वर्षांच्या मुलीचे तळवे सपाट आहेत, हे त्यांनीच ओळखलं. ती न्हाणीतून बाहेर आली आणि फरशीवर अख्खं पाऊल उमटलं, मधली कमान गायब. तेच पाऊल मी वर्षभर कौतुकाने बघत होतो. संध्याकाळी तिचे पाय दुखायचे, तर मी म्हणायचो, खेळून दमली असेल. डॉक्टरांनी बुटात घालायचे इनसोल लिहून दिले, रोजचा व्यायाम सांगितला, आणि मी कामाला लागलो. मोबाईलवर सगळं वाचून काढलं, तक्ता करून भिंतीवर लावला. पोरगी तक्त्याकडे ढुंकून बघेना. रविवारी साडू आले की मात्र नव्वद किलोंचा हा माणूस हॉलभर चवड्यांवर चालायचा आणि ही खिदळत त्यांच्यामागे. पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकायच्या, त्यात ते हटकून हरायचे. मी आत त्यांच्यासाठी चहा करत असायचो. जळायचो, खोटं कशाला बोलू.

मग इनसोल बनून आले, मी ते बुटात बसवले आणि ती लंगडायला लागली. मी म्हणालो, सवय होईपर्यंत होतं असं, मी वाचलंय. पुढच्या रविवारी साडूंनी आल्या आल्या तिचा बूट मागितला, आत बोट घातलं आणि थांबले. बुटाची मूळची गादी मी काढलीच नव्हती. तिच्यावरच इनसोल बसवला होता. आठवडाभर बोटं वर दाबली जात होती, आणि बोटं दुखतात हे पोरीने फोन करून त्यांना सांगितलं होतं. मला नाही.

का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं.

"तुम्हाला सांगितलं की तुम्ही वाचून दाखवता, पप्पा."

साडू हसले असते तर बरं झालं असतं. गादी उपटून माझ्या हातात देत ते हळू आवाजात म्हणाले, "राव, माझ्या थोरल्याचं पाय असंच व्हतं. दुखतंय म्हणायचा, मी म्हणायचो, नाटकं करतो. आता त्यो मला काहीच सांगत न्हाई."

हल्ली संध्याकाळी तिचे पाय मांडीवर घेतो आणि कुठे दुखतं एवढंच विचारतो. कधी ती सांगते. कधी म्हणते, काकांना सांगेन रविवारी. मग मी नुसता पाय चोळत राहतो.